पालकाची सही

विद्यापीठात मला सगळे 'अहवालबाई' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमच्या कार्यालयाच्या भिंती प्लायवूडच्या आहेत, त्यामुळे पाठीमागचंही तोंडावर बोलल्यासारखं ऐकू येतं. मी कधी मनाला लावून घेतलं नाही, कारण नाव बरोबर होतं. आंतरराष्ट्रीय कक्षात बावीस वर्षं मी हेच केलं. आमची मुलं करारातल्या परदेशी विद्यापीठांत आठ-आठ महिने शिकायला जात, तिथून दर महिन्याला अनुभवाचा अहवाल पाठवत, आणि मी तो अहवाल माणसांत आणत असे.

मुलं काय लिहितात ते विचारू नका. एकाने पानभर वसतिगृहातल्या गळक्या नळाचं रडगाणं गायलं होतं. एकीने लिहिलं होतं, 'इथे छान आहे. फारच छान आहे. बाकी सगळं छान.' यातून मला बरोबर तीनशे शब्द काढायचे असत, आणि त्यात 'जागतिक दृष्टिकोन' हे दोन शब्द एकदा तरी यायलाच हवेत असा संचालकांचा दंडक होता. संचालकांच्या खोलीत भिंतभर जगाचा नकाशा आहे. जिथे जिथे आमचा करार झाला तिथे त्यांनी लाल टाचणी टोचली आहे. अशा एकोणीस टाचण्या आहेत, आणि विसावी टोचल्याशिवाय आपण निवृत्त होणार नाही, असं ते शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना ऐकवतात.

माणसांत आणलेला अहवाल तीन ठिकाणी जाई. एक प्रत तिकडच्या विद्यापीठाला, एक आमच्या गुळगुळीत कागदाच्या पुस्तिकेला, आणि गेल्या दोन वर्षांपासून एक पालकांना, टपालाने. पालकांना विश्वासात घ्यायचं, ही संचालकांची कल्पना. थोरल्याचे आईबाप खूश असले की धाकटं भावंडंही आपल्याकडेच येतं, असं त्यांचं म्हणणं.

अडायचं ते एकाच ठिकाणी. मुलं दोन महिने उत्साहाने लिहीत आणि तिसऱ्या महिन्याला ढेपाळत. अहवाल आला नाही की माझ्या तक्त्यातला चौकोन लाल व्हायचा, आणि लाल चौकोन दिसला की संचालक मला आत बोलवायचे. सुरुवातीला मी स्मरणपत्रं पाठवून पाठवून थकले. मग एकदा वैतागून एका मुलाचा राहिलेला अहवाल मीच लिहून टाकला. ग्रंथालय, एक मैत्री, थोडा निसर्ग, जागतिक दृष्टिकोन. दहा मिनिटांचं काम. तो मुलगा परत आला तेव्हा माझ्यासाठी चॉकलेटचा डबा घेऊन आला. "बाई, तिथलं माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक आहे," म्हणाला. मी आजवर विमानात पाऊल ठेवलेलं नाही.

पुढे ते माझ्या हातचा मळ झालं. तक्त्यातले चौकोन हिरवे राहिले, संचालक खूश, मुलं खूश. वार्षिक बैठकीत आमच्या कक्षाचं शंभर टक्के अहवाल आल्याबद्दल कौतुक व्हायचं आणि संचालक माझ्याकडे बघून मान डोलवायचे. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. ताकास तूर लागू न देण्यात ते तरबेज आहेत. कोणाचं काही बिघडत नाही, असं मी स्वतःला सांगत होते, आणि बरीच वर्षं ते खरंही होतं.

मग बाइंडरची मुलगी गेली.

बाइंडर म्हणजे आमच्या मागच्या फाटकासमोरच्या गल्लीतले. विद्यापीठातले अर्धेअधिक प्रबंध त्यांच्या हातून बांधून येतात. पुढे दुकान, मागे घर. नवरा कागद कापतो, प्रेसमध्ये दाबतो, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उठवतो. बायको पानांच्या घड्या घालते आणि शिवते. त्यांना ही एकुलती एक मुलगी. घरात तिला 'बडबडी' म्हणतात, हे तिने मुलाखतीच्या दिवशी स्वतःच मला सांगितलं. न सांगताही कळलं असतं. निवड समितीतल्या तिघांना तिने तोंड उघडू दिलं नाही. तिच्या प्रमाणपत्रांची फाइल आईने हाताने शिवलेली होती, ती तिने मला उलटीसुलटी करून दाखवली. "बघा ना बाई, कुठेही उघडली तरी सपाट पडते. हे सगळ्यांना नाही जमत." निघाली, ती दारातून परत फिरली आणि टाचण्या लालच का घेतल्या असं थेट संचालकांना विचारून गेली. मी तिला भेटले ती एवढीच.

तिचा पहिला अहवाल नऊशे शब्दांचा आला. मी छाटून तीनशेवर आणला. दुसरा चारशे दहाचा होता. त्यात तिने लिहिलं होतं: 'माझ्या मजल्यावर अकरा खोल्या आहेत. सगळी दारं दिवसभर बंद असतात. मी रोज कोपऱ्यावरच्या दुकानात जाते, काही घ्यायचं नसलं तरी. तिथली बाई विचारते, पिशवी हवी का? मी म्हणते, नको. दिवसभरात माझं तेवढंच बोलणं होतं. काल ती बाई सुटीवर होती. तिच्या जागी मशीन होतं.'

मी ते दोनदा वाचलं. पोरगी लिहिते चांगलं, असं मनात म्हटलंही. मग काढून टाकलं. शब्द जास्त होत होते, आणि पुस्तिकेत शोभेल असं त्यात काही नव्हतं. अकरा खोल्यांचे मी अकरा देश केले: 'माझ्या मजल्यावर अकरा देशांतील विद्यार्थी गुण्यागोविंदाने राहतात.' संचालकांनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि मला शाबासकी दिली.

तिसऱ्या महिन्याला तिचा अहवाल आला नाही. मी एक स्मरणपत्र पाठवलं, आठवडाभर थांबले आणि नेहमीप्रमाणे कामाला लागले. तिकडच्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर नदीचं चित्र होतं, म्हणून मी नदी घेतली. एकटी कशी फिरेल, म्हणून एक मैत्रीण दिली. दुसऱ्या खंडातून आलेली, इमारतींचे आराखडे शिकणारी, हसरी. दोघी रोज संध्याकाळी नदीकाठी फिरायला जातात आणि जगाबद्दल बोलतात. चौथ्या महिन्याला मी त्या मैत्रिणीला हिच्याकडून आपली भाषा शिकायला लावली. पाचव्याला दोघींनी मिळून नदीवरच्या पुलाचं चित्र काढलं. हे लिहिताना मला मजा येत होती, हे लपवत नाही. बाकीच्यांच्या अहवालांपेक्षा हे मन लावून लिहीत होते. बडबडी मला आवडली होती.

अकरा फेब्रुवारीला तिचा मेल आला.

'बाई, तुम्ही माझ्या नावाने लिहिता ते घरी पोचतं. बाबा दर रविवारी ते मला फोनवर वाचून दाखवतात. आई मागून म्हणते, नदीचं पुन्हा वाचा. दोघं इतके आनंदात असतात की मला आता खरं सांगायला तोंडच राहिलेलं नाही. मी वर्गात जात नाही. मला झोप लागत नाही. मला परत यायचं आहे. त्यासाठी काय करावं लागेल?'

आधी मला राग आला. खोटं कशाला बोलू? ही माझी फुकटची मेहनत, आणि वर मलाच ऐकवते, असंच मनात आलं. दहाएक मिनिटांनी राग गेला आणि मी माझं काम केलं. मुदतीआधी परतण्यासाठी आमच्याकडे एक अर्ज आहे. तो मी तिला पाठवला. त्यावर तिकडच्या मार्गदर्शकाची सही लागते, वसतिगृहाच्या व्यवस्थापकाची लागते, आणि खाली डाव्या कोपऱ्यात पालकाची. 'पालकाच्या सहीशिवाय अर्ज विचारात घेतला जाणार नाही,' असं छापलेलंच आहे. मी त्याखाली आपुलकीच्या दोन ओळीही लिहिल्या: 'आता अडीचच महिने राहिले आहेत, धीर धर. नदीवर फिरायला जात जा, बरं वाटेल.'

घरी तोंड दाखवता येत नाही म्हणून जी पोर मला विचारत होती, तिला मी सांगितलं, घरून सही आण. घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. क्षणभर थांबले असते तर मला ते दिसलं असतं. मी थांबले नाही. अर्ज भरून आला नाही, तेव्हा मला वाटलं, शहाणपण सुचलं, रमली असेल. महिनाअखेरीला सहावा अहवाल लिहिला. वीस-पंचवीस शब्द कमी पडत होते, म्हणून शेवटी घातलं, 'येथील शांत वातावरणात मला गाढ झोप लागते.'

पंधरा दिवसांनी तिकडच्या विद्यापीठाचं पत्र आलं. ती तिच्या खोलीत गेली होती. स्वतःच्या हाताने जीव संपवून. बाजूच्या दहा खोल्यांना तीन दिवस पत्ता लागला नाही. पत्रात असंही लिहिलं होतं की तिसऱ्या महिन्यापासून ती एकाही वर्गाला हजर नव्हती, आणि आपल्याकडून दर महिन्याला समाधानकारक अहवाल येत असल्याने आम्ही वेगळी चौकशी केली नाही.

संचालकांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "वाईट झालं," ते म्हणाले. मग म्हणाले, "पुस्तिकेतल्या चौदाव्या पानावर तिचा फोटो आहे ना? तो काढायला सांगा छापखान्याला. आणि बाई, कोणी काही विचारलं तर तुम्ही बोलू नका. आपली कागदपत्रं पूर्ण आहेत." ती होतीच. सहापैकी सहा.

मी दीड महिना मूग गिळून बसले. घरी गेले, आले, जेवले, बाकीच्यांचे अहवाल माणसांत आणले. मागचं फाटक मात्र सोडलं. पुढच्या फाटकाने वळसा घालून घरी जाऊ लागले.

त्यानंतर एका दुपारी, जेवणाची सुटी संपता संपता, बाइंडर स्वतःच आले. बारीक माणूस, बोटांवर वाळलेली खळ. त्यांनी टेबलावर एक बांधीव पुस्तक ठेवलं. प्रबंधांना लावतात तसं काळं रेक्झिन नव्हतं. निळं कापड होतं, आणि त्यावर सोनेरी अक्षरांत एकच शब्द: बडबडी.

"तुमच्याकडून आलेले अहवाल आहेत," ते म्हणाले. "सहाच्या सहा. सुटे राहिले असते तर फाटले असते. तिची आई सारखी हाताळते ना."

मी बसायला सांगितलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"मॅडम, तुमचा वेळ घेत नाही. एक पत्ता हवा होता. तिच्या त्या मैत्रिणीचा. नदीवर जायच्या ना दोघी. नाव कुठे लिहिलेलं नाही तिने. तुमच्याकडे असेल."

"परदेशी विद्यार्थ्यांची माहिती आम्हाला बाहेर देता येत नाही," मी म्हणाले. इतक्या सहज निघालं तोंडातून. असा काही नियम आहे की नाही हेही मला ठाऊक नाही.

त्यांनी मान हलवली. कार्यालयात नाही ऐकायची सवय असलेला माणूस. "नियम असेल तर राहू दे. मग तुम्हीच कळवा तिला. म्हणावं, चार ओळी लिहून पाठव." त्यांनी पुस्तक शेवटाशी उघडलं. ते टेबलावर सपाट पडलं. "मागे चार कोरी पानं सोडलीत. पत्र आलं की इथे चिकटवीन. तिची आई त्यासाठीच थांबलीय हो. सुई हातात धरत नाही. ऑर्डरी सगळ्या पडून आहेत. दिवसभर पलंगावर बसून हे वाचते आणि म्हणते, त्या पोरीला ठाऊक असेल. शेवटी काय बोलली, जेवत होती का, हसली का कधी."

मी ती चार कोरी पानं बघत होते.

"तिकडचे लोक म्हणतात, तिने स्वतःहून... मी नाही मानत." त्यांनी पानं मागे उलटली, बोट ठेवलं. "हे बघा. गाढ झोप लागते. दहा-बारा दिवस आधीचं आहे. ज्याला गाढ झोप लागते तो माणूस असं करेल का? तुम्हीच सांगा."

 समोर पाण्याचा पेला होता, तो मी उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"आणि एक गंमत सांगू? पाण्याला फार घाबरायची ती. लहान असताना बादलीत तोंड बुडालं होतं, तेव्हापासून. तळ्याच्या काठाला उभी राहायची नाही. आणि तिकडे जाऊन रोज नदीवर! मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. म्हटलं, बघा, याला म्हणतात परदेशातलं शिक्षण, माणूस बदलतो. तिला फोनवर म्हटलं, वाघीण आहेस तू. तर काही बोललीच नाही. मला वाटलं, लाजली."

आता खरं सांगायचं तर सुटका अवघड नव्हती. मैत्रिणीचं पत्र माझ्या डोक्यात तयार झालंसुद्धा होतं. ते सांगत होते तेवढ्या वेळात, पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत. 'आदरणीय काका-काकू' अशी सुरुवात, मधे पुलाच्या चित्राची आठवण, थोडी मोडकीतोडकी भाषा, कारण ती आपली भाषा नुकतीच शिकलेली. दहा मिनिटांचं काम. ते दोघं आयुष्यभर ते चिकटवून ठेवतील आणि मी मागच्या फाटकाने पुन्हा जाऊ-येऊ लागेन. किती चटकन जमलं ते! मला माझीच किळस आली.

"मैत्रीण नाही," मी म्हणाले.

"का? गेली का तिच्या देशाला?"

"नव्हतीच. मी लिहिली होती."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, सावकाश, खिडकीवर एखाद्याला अर्ज समजावतात तसं. पहिले दोन अहवाल तिचे, पण तेही मी छाटलेले. पुढचे चार माझे. नदी मी कधी पाहिली नाही. तिने पाहिली की नाही, माहीत नाही. गाढ झोपही माझीच.

त्यांनी पुस्तक मिटलं. बाहीने निळ्या कापडावरची नसलेली धूळ पुसली.

"कागद तर एकच आहे," ते म्हणाले. "शिवायच्या आधी मी कागद हातात घेऊन बघतो. सहाही सारखेच लागले."

ते ओरडतील म्हणून मी वाट पाहत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. प्लायवूडच्या पलीकडचे टंकलेखनाचे आवाज थांबले होते.

"तिचं काही आहे का?" त्यांनी विचारलं. "तिने स्वतः लिहिलेलं?"

मी संगणकावरून सगळं काढून छापलं: पहिले दोन अहवाल जसेच्या तसे, फेब्रुवारीतला मेल, माझं उत्तर, त्याच्यासोबत पाठवलेला कोरा अर्ज. त्यांनी वरचा कागद उचलला, हात लांब करून धरला आणि परत ठेवला.

"इथे नको. तिच्या आईसमोर वाचा."

"तुम्ही घेऊन जा ना हे. मी नंतर कधीतरी..."

"मी घरी जाऊन काय सांगू? ती मैत्रिणीची वाट बघतेय." ते उठले. "ती मैत्रीण तुम्हीच ना? मग चला."

संचालक खोलीच्या दारात येऊन उभे होते. "बाई, जरा आत या."

"जाऊन येते, सर."

"कार्यालयातले कागद बाहेर नेता येत नाहीत."

मी कागद पर्समध्ये घातले. बावीस वर्षांत त्यांचं न ऐकल्याची ही पहिलीच वेळ, आणि ती इतकी उशिरा आली की तिचा कोणाला काही उपयोग नव्हता.

मागच्या फाटकातून आम्ही गल्लीत उतरलो. ते एक पाऊल पुढे, पुस्तक छातीशी धरून. ऊन रखरखीत होतं. मधे एकदाच ते बोलले, मागे न बघता. "तिला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. आजवर तुम्हीच ठरवत आलात." आवाजात राग नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं.

दुकानात प्रबंधांचे गठ्ठे पडले होते, नावाच्या चिठ्ठ्या खोचलेले, न शिवलेले. प्रेसवर धूळ बसली होती. मागच्या खोलीत पलंगावर मुलीची आई बसली होती. सुई सोडली होती तरी बोटात शिवताना घालायचं पत्र्याचं अंगुस्तान तसंच होतं.

"या त्या," बाइंडर म्हणाले. "नदीवरच्या."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. माझे पिकलेले केस, चष्मा, खांद्यावरची पर्स. "मला वाटलं, कोणी तिच्याएवढी पोरगी असेल," त्या म्हणाल्या. पण त्यांनी सरकून जागा केली. "बसा. सांगा."

वाटेत मी काही ठरवलं नव्हतं. त्यांनी सरकून जागा केली नसती तर कदाचित अजूनही काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती.

"मी तिच्याबरोबर कधीच फिरले नाही," मी म्हणाले. "मी इथे विद्यापीठात कारकून आहे." आणि मग सगळं सांगितलं. मधे थांबले नाही, कारण थांबले असते तर शब्द निवडले असते. बाइंडर दारात पाठ करून उभे होते.

मग मी तिचा दुसरा अहवाल वाचला, न छाटलेला. पिशवी हवी का, नको, इथपर्यंत आल्यावर बाईंचे ओठ हलले. "अशीच बोलते ती," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ऐकलंत का? अशीच बोलते." मग मला म्हणाल्या, "पुन्हा वाचा."

मी तीनदा वाचला. तिसऱ्यांदा मशीनपाशी माझा आवाज फाटला आणि मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत. माझं होईस्तोवर थांबल्या, जशी एखादी परकी बाई घरात येऊन रडत असावी.

मेल वाचताना, 'आई मागून म्हणते, नदीचं पुन्हा वाचा' या ओळीला त्यांनी अंगुस्तानाचं बोट तोंडात धरलं आणि चावलं. पत्र्याचा बारीक आवाज आला. मी थांबले. त्यांनी दुसऱ्या हाताने खूण केली, वाचा. मी पुढचं वाचलं. माझं उत्तरही वाचलं, धीर धर, नदीवर फिरायला जात जा, सगळं. ते वाचायचं टाळता आलं असतं. कोणी मागितलं नव्हतं.

 पुढे दुकानात कोणी विद्यार्थी येऊन, "काका, झाला का माझा?" असं विचारून, वाट पाहून निघून गेला.

"मग अर्ज का नाही केला तिने?" बाईंनी विचारलं.

"त्यावर पालकाची सही लागते. तुम्हाला कळवावं लागलं असतं. ते तिला जमलं नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"कुठे?"

मला कळेना. "काय कुठे?"

"सही कुठे लागते?"

मी अर्ज काढून दाखवला. खाली डाव्या कोपऱ्यातला चौकोन. त्यांनी नवऱ्याकडे हात केला. त्याने खिशातलं पेन काढून दिलं आणि मांडीवर घ्यायला निळं पुस्तक पुढे केलं. बाईंनी अर्ज त्यावर ठेवला, हाताने सपाट केला आणि सही केली. सावकाश, शाळेत गिरवल्यासारखी, पूर्ण नाव. मग डोकं वर केलं.

"तारीख कुठली घालू?"

बावीस वर्षं लोक मला हेच विचारत आलेत. मुदत टळलेली असली की मी त्यांना सांगत असे, मागची घाला हो, कोण बघतंय.

"अकरा फेब्रुवारी," मी म्हणाले.

त्यांनी तारीख घातली. कागदाची घडी घातली, नख फिरवून ती पक्की केली, आणि कागद माझ्या हातात दिला.

"घ्या, झाली सही," त्या म्हणाल्या. "आता आणा तिला."